चौथी ओळ

औषधांच्या खिडकीमागच्या खोलीत वेलांटीने नुकत्याच छापलेल्या लेबलावर मोजपट्टी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. मोजायचं काही उरलं नव्हतं. पण पट्टी खाली ठेवली की बोलावं लागलं असतं.

हॉस्पिटलचे कागद आणि औषधांची लेबलं छापणारं सॉफ्टवेअर तो सांभाळायचा. दिवसभर अक्षरांच्या मापांवर वाकून बसतो, म्हणून सगळे त्याला वेलांटी म्हणत. मध्यंतरी म्हाताऱ्या पेशंटांची ओरड झाली, की डबीवरचं अक्षर मुंगीएवढं, वाचता येत नाही. त्याने मनावर घेतलं. चांगला ठसठशीत फॉन्ट आणला, मात्रा-उकारांना ऐसपैस जागा दिली. चार लोकांनी पाठ थोपटली, तेव्हा त्यालाही बरं वाटलं होतं.

"फॉन्ट नवा, पण ओळींच्या उंचीचा तक्ता जुनाच राहिला," तो एकदाचा म्हणाला. "सॉफ्टवेअरला वाटतंय चार ओळी मावतात. मावतात तीन."

"आणि चौथी?" औषधं देणाऱ्या ताईंनी विचारलं.

"ती स्टिकरच्या खाली जाते."

"म्हणजे कुठे?"

"कुठेच नाही."

"अरे, मग छापून बघितलं नव्हतंस का?"

बघितलं होतं. मेख तिथेच होती. स्टिकरचा रोल वाया जाऊ नये म्हणून चाचणी साध्या कागदावर काढायची, ही तिथली जुनी रीत. कागदाला खाली मोकळी जागा हवी तेवढी, त्यामुळे चारही ओळी सुरेख उमटल्या होत्या. शिवाय बहुतेक औषधांचं तीन ओळींत भागतं. पेशंटचं नाव, गोळीचं नाव, गोळी कधी घ्यायची. चौथी लागते ती एखाद्याच गोळीला, म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

सांधेदुखीची ही गोळी त्यातलीच. तिची चौथी ओळ होती, 'फक्त सोमवारी'.

"मी तोंडी सांगायला हवं होतं रे," ताई म्हणाल्या. "रांग पार दाराबाहेर गेली होती त्या दिवशी." त्या खुर्चीवर बसल्या आणि बसूनच राहिल्या.

डॉक्टरीणबाई मघाशीच सांगून गेल्या होत्या. सकाळी दाखल झालेल्या आजींनी ही गोळी रोज घेतली आहे. शरीरात रक्त तयार होणंच थांबलंय, आता हातात काही राहिलेलं नाही. आजोबा बाहेर बसलेत, त्यांना वाटतंय दुखणंच वाढलं. त्यांच्याशी कुणीतरी बोला.

वेलांटी उठला. त्याला पळून जावंसं वाटत होतं.

म्हातारा बाकावर बसला होता. मांडीवर बायकोची शाल, शालीवर गोळ्यांची डबी.

"आजोबा, मी इथलं सॉफ्टवेअर बघतो. ही लेबलं छापली जातात ना, ते काम माझं."

"तुम्ही केलंत होय हे?" म्हाताऱ्याने सरकून जागा करून दिली. "बसा, बसा. फार पुण्याचं काम केलंत. आधी वाचून घ्यायला शेजारच्या सूनबाईला हाक मारावी लागायची. आता माझं मीच वाचतो, तेही चष्म्याशिवाय. ही म्हणते, रोज उठून काय तेच तेच वाचता? मी म्हटलं, औषधाच्या बाबतीत अंदाजपंचे नको."

त्याने डबी हातभर लांब धरली आणि वाचून दाखवली. बायकोचं नाव. गोळीचं नाव. "सकाळी जेवणानंतर एक गोळी."

एवढं वाचून त्याने कौतुकाने वेलांटीकडे पाहिलं.

"आजोबा, पुढे आणखी एक ओळ होती. ती छापलीच गेली नाही. चूक माझी आहे, तुमची नाही."

"कुठली ओळ?"

"फक्त सोमवारी. आठवड्यातून एकदाच द्यायची होती. त्यानेच आजींचं असं झालंय."

म्हाताऱ्याने डबी फिरवून पाहिली. मागच्या बाजूला पाहिलं, बुडाशी पाहिलं, झाकण उघडून आतूनही पाहिलं.

"तोंड आलं होतं तिचं," तो म्हणाला. "घास गिळवत नव्हता. नको म्हणत होती. मीच लहान मुलासारखं समजावून देत होतो."

वेलांटीला रडू आवरेना. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. तो अंगठा बोटांच्या पेरांवरून पुढे पुढे नेत वार मोजत होता. मध्येच चुकला, पुन्हा पहिल्या पेरावर आला. शेवटी त्याने तो नाद सोडला.

"आज वार कोणता?"

"सोमवार."

"आज सकाळीही दिली होती. दोन घास खिमट भरवलं, मग दिली." म्हाताऱ्याने डबीचं झाकण घट्ट लावलं आणि ती शालीत गुंडाळून ठेवली. "म्हणजे आजची तरी बरोबर दिली."