तीन ठिकाणी पांढरा काटा

"अप्पा, आमच्या साळूला तुम्ही नक्की कुठं सोडलंत?"

दमयंतीनं एका दमात विचारून टाकलं. ओट्याखाली नलू आणि कालिंदी कान टवकारून उभ्या होत्या. 'हिंमत असेल तर विचार!' म्हणून शाळेतून येताना त्यांनीच पैज घातली होती. आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबापुढे कविता म्हणून बक्षीस मिळवल्यापासून दमयंती कुठल्याच पैजेला नाही म्हणत नसे.

अप्पा पूजेची पिशवी आवरत होते. "सांगितलं ना, शीवच्या रानात."

"मग काल कालिंदीच्या गर्भारशी ताईच्या सीमंताच्या पूजेत ज्या काट्यानं भांग काढलात, तो कुठला?"

"झडलेला. साळिंदर काटे टाकतंच."

"झडलेल्या काट्याच्या बुडाला रक्त असतं?"

अप्पांचे हात थांबले.

परळच्या टेकडीवरून ते साळिंदर तिन्हीसांजेला परसात सुरण उकरायला येई. माणूस दिसलं की काटे फुलवून पळे. दमयंती तीन महिने रताळी ठेवून, लांब बसून, त्याला मोठ्यानं पाढे ऐकवत राहिली. शेवटी ते तिच्या हाकेला येऊ लागलं, पायाशी बसून कुरतडू लागलं. मग एक दिवस अप्पा म्हणाले, "लोक काठ्या घेऊन येतील हो. तू हाक मार, आपण रानात नेऊन सोडू." तिनं हाक मारली. साळू आपल्या पायांनी पेटीत शिरलं.

"शास्त्रात काटा तीन ठिकाणी पांढरा सांगितलाय," अप्पा म्हणाले. "झडलेल्यांत तसा मिळत नाही. आणि वाया का गेलंय ते? बाळाच्या कल्याणासाठीच ना?"

दमयंती आत चुलीपाशी बसलेल्या आईकडे वळली. "आई, तुला ठाऊक होतं?"

आईनं तव्यावरून नजर उचलली नाही. भाकरी करपली.

"पुढच्या महिन्यात तुझ्या वहिनीचंच सीमंत आहे गं," अप्पा म्हणाले. "घरचं कार्य. त्याची जोडीदारीण येते अजून परसात, तुझ्याच हाकेला येते. एवढ्या वेळी हाक मार की."

ओट्याखालच्या मैत्रिणी केव्हाच पसार झाल्या होत्या. दमयंतीनं डोळे पुसले. टोपलीतलं एक रताळं घेतलं. परसदाराशी वाकून तीन-चार दगड ओच्यात भरले.

"मारते हाक," ती म्हणाली. "जवळ आली की दगड मारीन. पुन्हा कुठल्याच माणसाच्या हाकेला येणार नाही, इतके मारीन."