आनंदीची बासुंदी

“काकू, कशी केलीस असं पाहुण्यांनी विचारलं, तर काय सांगू?” आनंदीनं सुचेताच्या स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं. आईची मोरपंखी साडी नेसून आली होती. निऱ्या अजून धड बसल्या नव्हत्या.

सुचेतानं स्टेशनबाहेरून हंगामातले शेवटचे डबे आणले होते. स्ट्रॉबेरीच्या फोडी साखरेत जरा परतून, गार करून, ती त्या फ्रिजमधल्या दाट बासुंदीत हलक्या हातानं मिसळत होती. रंग असा धरला होता की बघत राहावं. गरम दुधात आंबट फळ पडलं की दूध फाटतं, म्हणून दोन्ही थंडगार झाल्याशिवाय एकत्र करायचं नाही, एवढीच काय ती यातली मेख. बाकी सगळं पोराटोरांनाही जमेल.

“सोप्पं आहे गं,” सुचेता म्हणाली. “दूध चांगलं उकळायला लागलं की त्यातच स्ट्रॉबेरी टाकायची नि ढवळत राहायचं. झालं!”

“एवढंच?”

“एवढंच.”

आनंदी बिचारी ते घोकतच समोरच्या फ्लॅटमध्ये गेली. सुचेताला काही म्हणजे काही वाटलं नाही. का वाटावं? दोन वर्षांपूर्वी तिच्या इशिताला नाशिकचं स्थळ आलं होतं. मंडळी पसंती देऊन जिना उतरली, तेव्हा आनंदीच्या आईनं, या गिरिजानं, त्यांना खाली गाठून सांगितलं, “मुलगी गोड आहे हो, पण फिट येतात तिला.” फिट कसल्या डोंबलाच्या! पोरगी भर उन्हात टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी राहिली आणि चक्कर येऊन पडली होती, बस. स्थळ गेलं. बोलणं मात्र राहिलं. त्यांच्या सिल्व्हर पार्क सोसायटीतून पार बोरिवलीपर्यंत पोचलं, आणि पुढची स्थळं उंबऱ्याशीही आली नाहीत. हे आपण केलं ते कुणाला कळलंच नाही, असं गिरिजाला वाटायचं. मध्यस्थ बाईंनी सुचेताला शब्दन् शब्द सांगितला होता.

आणि तीच गिरिजा काल तोंडात साखर घोळवत आली. “वहिनी, तुमच्या हातची ती बासुंदी करून द्या ना. आनंदीनं केली म्हणून सांगते, सगळेच सांगतात की! मुलाची आई वाईची आहे. माहेरी स्ट्रॉबेरीचं शेत आहे म्हणे. खूश होईल.”

“अगं, त्यात काय! तू काय परकी आहेस?” सुचेता म्हणाली होती. वाढलेलं ताट समोर आल्यावर नाही कोण म्हणतं!

गिरिजाच्या हॉलमध्ये पोहे झाले, ओळखीपाळखी निघाल्या, वाट्या फिरल्या. मुलगा, अभिनव, अंधेरीच्या कॉल सेंटरात टीम लीडर होता. लाजून बसलेला, पण वाटी भराभर संपवत आणली. त्याच्या आईनं पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळेच मिटले.

“वा! माझ्या आईच्या हातची अशी व्हायची. तू केलीस, आनंदी?”

“हो.”

“भारी हौस तिला,” गिरिजा म्हणाली. “मला ओट्यापाशी फिरकू देत नाही!”

“दूध फाटलं कसं नाही गं तुझं? आमच्या धाकट्या जाऊबाईंना अजून जमत नाही.”

आनंदी पाठ केल्यासारखी बोलली, “दूध उकळायला लागलं की त्यातच स्ट्रॉबेरी टाकायची. आणि ढवळत राहायचं.”

“उकळत्या दुधात?”

“हो... उकळत्याच.”

गिरिजाच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं कोपऱ्यात वाटी घेऊन बसलेल्या सुचेताकडे पाहिलं. सुचेतानं एक फोड चमच्यात घेतली आणि सावकाश चावली.

“अहो, बावरलीय ती,” गिरिजा घाईघाईनं म्हणाली. “आमच्या वहिनींसमोरच केलीय तिनं. सांगा ना, वहिनी!”

“मी?” सुचेता म्हणाली. “मी बाई नुसती खायला आलेय.”

मुलाच्या आईनं वाटी खाली ठेवली. चिडल्या नाहीत, काही नाही. “बरं, आम्ही कळवतो,” म्हणाल्या आणि पदर सावरत उठल्या. अभिनवही चपला शोधायला लागला. कळवतो म्हणजे काय, ते त्या घरातल्या भिंतीवरच्या पालीलाही ठाऊक होतं.

रिकामं पातेलं घेऊन सुचेता घरी आली ती नाचतच. इशिता शाळेच्या वह्या तपासत बसली होती. सुचेतानं पातेलं ओट्यावर आदळलं आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं.

“काय तोंड झालं होतं तिचं! तू बघायला हवं होतंस. घाम फुटला, ओठ सुकले, पदराचं टोक पिळत बसली. जिरली बाईंची! उट्टं निघालं बघ आज.”

इशितानं पेन खाली ठेवलं. “आणि आनंदी?”

“तिचं काय?”

“रडली का ती?”

सुचेतानं आठवून पाहिलं. गिरिजाच्या कपाळावरची आठी न् आठी तिला दिसत होती. आनंदी कुठे बसली होती, कधी उठून आत गेली, काही आठवेना.

“बघितलं नाही गं,” ती म्हणाली.

इशिता उठली, दारातल्या चपला पायात सरकवल्या.

“बरं झालं, आई,” ती म्हणाली. “आता आम्ही दोघी झालो.”

आणि तिनं समोरच्या दाराची बेल वाजवली.