घडीवर विरलेलं झबलं

गर्भपेढीच्या बाकावर मृण्मयी आणि केदार मधे एक जागा सोडून बसले होते. घटस्फोटानंतर दरवर्षी साठवणीचा करार वाढवायला ते असेच इथे यायचे. गोठवलेला गर्भ दोघांच्या होकाराशिवाय हलत नसे. तिला हवा होता तेव्हा केदार अडून बसला. तो तयार झाला तेव्हा ती हट्टाला पेटली. आता कायद्याच्या वयोमर्यादेत दोघंही बसत नव्हते, म्हणून आज त्यांनी तो समोर बसलेल्या एका तरुण जोडप्याला देऊन टाकला.

"गर्भ अगदी काल ठेवल्यासारखा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मृण्मयीने पिशवीतून झबलं काढलं. बाळाला पहिल्यांदा जुनं, मऊ कापड घालतात, म्हणून तिने ते गर्भ ठेवला तेव्हाच सासूबाईंच्या सुती साडीचं शिवून ठेवलं होतं. उलगडताच ते घडीवर फाटलं.

"नीट ठेवायचंस," केदार पुटपुटला.

"तू वेळेवर हो म्हणायचंस."

जोडप्यातल्या मुलीने झबलं अलगद हातात घेतलं. "असू दे आजी, मी रफू करून घालीन त्याला."

आई होण्याची पायरी गाळून मृण्मयी थेट आजी झाली होती. मधल्या रिकाम्या जागेवर केदार हळूच सरकला.