पाडलेले दिवे

पान्हा हातात घेऊनच दादा गॅरेजमध्ये शिरला. रात्रभर ट्रक चालवून आलेला. अंघोळ नाही, चहा नाही. पापण्यांत वाळू भरल्यासारखे डोळे जड झालेले. धाकट्या भावाचा ट्रक टायर बदलायला आत उभा होता, भिंतीकडे तोंड करून. त्याच्या बंपरवरचे चार जादा दिवे दादा आज स्वतःच्या हाताने उतरवणार होता. धाकट्याने अडवलं तर सरळ परिवहन कार्यालयात जाऊन तक्रार. परवाना गेला तर गेला. मग भाऊ-बिऊ काही नाही.

दोघांचा रस्ता एकच, दिशा उलट. एक या डेपोतून निघायचा तेव्हा दुसरा त्या डेपोतून. त्यामुळे दोघांचे ट्रक कधी एका जागी उभे नसत; आज होते, कारण टायरपायी धाकट्याची कालची फेरी चुकली होती. भेट व्हायची ती कालव्याच्या पुलावर, अंधारात, समोरासमोर. धाकटा दोनदा हॉर्न वाजवायचा, दादा एकदा. तेवढीच विचारपूस.

पण हल्ली धाकट्याचा ट्रक पुलावर आला की दादासमोर पांढरी भिंत उभी राहायची. परवा रात्री तर डावं चाक डांबर सोडून खडीवर उतरलं आणि पुलाचा कठडा हातभर अंतरावरून सरकला. त्याही वेळी धाकट्याने दोनदा हॉर्न वाजवला. दादाला तो टोमणा वाटला.

वाईट याचं वाटत होतं की हा शिष्टाचार त्यानेच धाकट्याला शिकवला होता. धाकटा त्याच्याकडे क्लीनर होता तेव्हाची गोष्ट. जादा दिवे रिकाम्या रस्त्यासाठी. समोर उजेड दिसला की आधी ते बंद करायचे, मग मोठे दिवे पाडायचे, म्हणजे त्यांचा झोत खाली रस्त्यावर घ्यायचा. कायदाही हेच सांगतो, पण दादा कधी कायद्याचं नाव घेत नसे. समोरच्याच्या डोळ्यांत उजेड मारणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं, असं तो म्हणायचा. अर्धा डेपो त्याला उस्ताद म्हणायचा, ते काही उगीच नाही.

मागे एकदा घरी जेवताना त्याने हा विषय काढला होता. धाकट्याने ताटावरून मानही वर केली नाही. दिवे नाही दादा, म्हणाला, माझा नवा ट्रक खुपतो तुझ्या डोळ्यांत. दादाची बायको मध्ये पडली. भांडण मिटलं नाही, घासाबरोबर गिळलं गेलं. तेव्हापासून बोलणं बंद. हॉर्न तेवढा चालू.

दादा ट्रक आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरला. खाली वाकून त्याने बंपरवर हात फिरवला. दिवे नव्हते. चार भोकं होती.

मी येणार कळलं म्हणून आज सकाळी काढलेस, तो तिथूनच म्हणाला. धाकटा नट आवळत होता. उत्तर दिलं ते गॅरेजच्या वायरमनने. उस्ताद, जरा भोकात बोट घालून बघा, म्हणाला. दादाने घातलं. बोटाला गंज लागला. दिवे वायरमननेच काढले होते, त्या जेवणानंतरच्याच आठवड्यात. वर फळीवर धूळ खात पडले होते. दादाला सांगू नकोस, असं धाकट्याने बजावलं होतं. सांगितलं तर तो उगाच भाव खाईल.

आपण चुकलो असं वाटायला लागलं की माणूस आणखी एक पुरावा मागतो. जादा दिवे नसतील, पण मोठे दिवे तू पाडत नसशील, दादा म्हणाला. गाडी मागे घे आणि लावून दाखव.

टायर चढलेलाच होता. धाकट्याने मुकाट्याने ट्रक शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत मागे घेतला. वायरमनने शटर खाली ओढलं. आत अंधार झाला. दादा भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

दिवे लागले. दादाला दिवे असे दिसलेच नाहीत. दिसले दोन काटेरी पांढरे गोळे, एकमेकांत विरघळलेले. त्यांच्यामागे ना ट्रक, ना भाऊ. पुलावर दिसायचं ते हेच.

"आता पाड," तो म्हणाला.

"पाडलेत, दादा."

"पाड म्हणतो ना."

केबिनमध्ये खटका वाजला. त्याबरोबर भिंत, छप्पर, जमीन, सगळं एकदम पांढरं झालं. दादाने दोन्ही तळहात डोळ्यांवर घट्ट दाबले. मोठे दिवे आत्ता लागले होते. मघाचे पाडलेलेच होते.

धाकट्याने दिवे बंद केले. शटर वर गेलं आणि सकाळचा साधा उजेड आत आला. वायरमनला तेवढ्यात बाहेर काहीतरी काम आठवलं.

संध्याकाळी दादाची पुन्हा फेरी होती. त्याने खिशातून आपल्या ट्रकची किल्ली काढून पुढे केली. धाकट्याने ती घेतली, पण खिशात घालायला त्याचा हात होईना. मोतीबिंदू असेल, हल्ली काढून देतात, लगेच दिसायला लागतं, असं काहीबाही तो बोलत राहिला. मग थांबला.

"कधीपासून होतंय हे, दादा?"

दादा भिंतीला टेकत टेकत खाली बसला. सगळ्या वर्षांची जागरणं एकदम अंगावर आल्यासारखा.

"दिवे सगळ्यांचेच खुपतात रे," तो म्हणाला. "रागवायला हक्काचा तेवढा तूच होतास."