बंद लिफाफा

बर्लिनमधलं सरकार उलथवून जनरलला चार दिवस झाले होते, आणि त्याविरुद्धच्या संपामुळे नळाला पाणी नव्हतं. म्हातारा ऑर्डर्ली गॉटलीब नदीच्या पाण्यानं त्याची दाढी करत होता.

“चाळीस वर्षांत माझा हुकूम कुणी मोडला नाही रे. आता साधे कारकूनही कामावर येईनात. तू तेवढा राहिलास.”

वस्तरा पुसणाऱ्या गॉटलीबच्या दंडावरची काळी फीत त्याला आत्ता दिसली. “कोण गेलं?”

“मुलगा, साहेब. ट्रॅम चालवायचा. काल संपवाल्यांवर गोळ्या झाडल्या, त्यात.”

गोळीबाराचा हुकूम जनरलनंच लिहिला होता, आणि बंद लिफाफ्यात गॉटलीबच्याच हाती छावणीत धाडला होता.

“अरे, वाटेत वाचायचास तरी!”

त्याच्या गालावरचा फेस टिपत गॉटलीब म्हणाला, “तुमचा कागद मी कधी उघडलाय का, साहेब?”