धावपट्टीच्या अलीकडे

"थांबा, सर!"

शेजारी बसलेल्या सहवैमानिक मुलीच्या तोंडून शब्द निघाले आणि कॅप्टनचे दोन्ही पाय ब्रेकवर पडले. विमानाचं नाक खाली दबलं, पुन्हा वर आलं. मागे काहीतरी धाडकन आदळलं. एक मूल रडायला लागलं.

समोरच्या काचेतून धुक्याशिवाय फारसं काही दिसत नव्हतं. धावपट्टीच्या अलीकडची पिवळी रेघ तेवढी दिसत होती, अगदी नाकाखाली.

"काय झालं?" कॅप्टनने विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं तिला वाटलं.

"धावपट्टी ओलांडा म्हणून टॉवरने सांगितलं, ते आपल्यालाच का, सर? मध्येच दुसरं कुणीतरी बोललं. आपला नंबर मला नीट ऐकू आला नाही."

"मला आला. आणि उत्तर तूच दिलंस."

ते खरं होतं. उत्तर तिनेच दिलं होतं, सवयीने, घडाघडा. शंका नंतर आली. चाकं रेघेकडे सरकू लागल्यावर.

या कॅप्टनला पाठीमागे सगळे जमदग्नी म्हणत. त्याच्या शेजारी कुठलाच सहवैमानिक फार दिवस टिकत नसे. विमानातून उतरला की तो सरळ ड्यूट्या लावणाऱ्या ऑफिसात जाई आणि म्हणे, "उद्यापासून हा नको." कारण कधी सांगत नसे. ती तर अजून नोकरीत कायमही झाली नव्हती.

"विचार त्यांना," कॅप्टन म्हणाला.

तिने रेडिओवर विचारलं. टॉवरमधला माणूस वैतागला होता. "परवानगी तुम्हालाच होती. थांबलात कशाला? आता उतरणारं विमान जवळ आलंय. आहात तिथेच राहा."

तिचे कान तापले. धुक्यातून ते विमान आलं, धावपट्टीवर टेकलं, समोरून निघून गेलं. मागोमाग दुसरं आलं. या दोघांच्या विमानामागे रांगेत खोळंबलेल्यांपैकी एक वैमानिक रेडिओवर म्हणाला, "पुढच्या मंडळींना वाट सापडत नसेल तर आम्ही दाखवू का?" कुणीतरी हसलं. कॅप्टनने मान वळवली नाही. त्याने माइक उचलून प्रवाशांना एवढंच सांगितलं, "अचानक ब्रेक लावावा लागला. विमान मी थांबवलं. त्रास झाला, त्याबद्दल माफ करा."

हवाईसुंदरींतली सगळ्यात थोरली आत आली. तिचं कोपर सोलवटलं होतं, त्यावर तिने रुमाल दाबून धरला होता.

"कुणाची ही मेहेरबानी?"

"माझी, ताई," ती म्हणाली.

"असू दे गं. ट्रॉली वाचली, मीच पडले," थोरली हसली. बाकी कुणी हसलं नाही.

पुढच्या अख्ख्या प्रवासात कॅप्टन कामापुरतं बोलला. उंची, वेग, हवा. ती उत्तरं देत राहिली आणि आईला घरी गेल्यावर काय सांगायचं त्याची मनात जुळवाजुळव करत राहिली. नोकरी लागल्यापासून आई भेटेल त्याला सांगत सुटली होती, पोरगी विमान चालवते म्हणून.

विमान उतरलं. प्रवासी गेले. कॅप्टनने टोपी घातली.

"बॅग घे. चल माझ्याबरोबर."

लांबलचक कॉरिडॉरमधून तो पुढे आणि ती मागे. ड्यूट्यांच्या ऑफिसाचं दार त्याने ढकललं. टेबलामागच्या क्लार्कने त्याला पाहताच पेन उचललं.

"आता कोण नको, साहेब?"

"पुढचा महिनाभर माझ्या शेजारी हिलाच लाव."

क्लार्कने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पण साहेब, सकाळचा उशीर हिच्यामुळेच झाला ना? परवानगी होती म्हणे."

"होती. ही चुकली," कॅप्टन म्हणाला. "बाकीचे घाबरले की गप्प बसतात. ही घाबरली की बोलते."