भाग्यलक्ष्मीचा स्कॅन

कानात आवाज ऐकू येऊ लागले आणि भाग्यलक्ष्मीची चिक्कडपल्लीच्या क्लासमधली शिकवण्याची नोकरी सुटली. दवाखान्यात स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. औषध लागू पडेल की नाही हे आधीच सांगता येतं का, याचा तिथे अभ्यास चालू होता, म्हणून तिच्या मेंदूचा स्कॅन काढला. डॉक्टर हळूच म्हणाले, "मशीनचा अंदाज आहे, हिला या औषधाने गुण येणं कठीण."

"मग कशाला उगीच द्यायचं?" धाकटा भाऊ रितेश म्हणाला.

सगळे तिच्याविषयी बोलत होते, तिच्याशी कुणीच नाही. भाग्यलक्ष्मी खुर्ची ओढून डॉक्टरांच्या अगदी समोर बसली.

"गोळ्या मला गिळायच्या आहेत. तुम्ही लिहून द्या."

गोळ्यांनी अंग सुटलं, हात थरथरायला लागले, सकाळी उठणं जिवावर यायचं. "अक्का, सोड की आता," रितेश म्हणायचा. "नक्को," म्हणून ती पाण्याचा पेला उचलायची. आवाज हळूहळू विरत गेले. उन्हाळ्याची सुट्टी संपली तशी ती पुन्हा फळ्यासमोर उभी राहिली.

एका दुपारी डॉक्टरांचा फोन आला. ते मनापासून खूश होते. "आमचा अंदाज चुकला कसा, ते शोधायचंय. पुन्हा एकदा स्कॅनला याल?"

भाग्यलक्ष्मीने मुलांना गणित सोडवायला सांगितलं आणि ती दाराशी आली.



"माझा मेंदू बरोबर आहे, डॉक्टरसाब. चुकलं ते मशीन. स्कॅन त्याचा काढा."